दुसरा भाग आधी

दिगंबरकाका जिवंत आहेत. हे आधीच सांगून टाकते, कारण आपल्याकडे माणसाबद्दल लिहायचं ते तो गेल्यावर. गेलेला माणूस सभेत मध्येच उठून प्रश्न विचारत नाही आणि कुणाच्या सत्काराचा विचका करत नाही. काकांनी दोन्ही केलं आहे. आजही ते कळमनुरी तालुक्यात, कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या आपल्या गावात राहतात. फक्त आता गावात त्यांच्याशी कुणी बोलत नाही. म्हणून लिहिते आहे.

वारंगा फाट्यावर त्यांना ओळखत नाही असा माणूस नव्हता. चेहऱ्यानं नसेल, तर आवाजानं. साड्यांचा सेल, डोळ्यांचं शिबिर, कुणाची हरवलेली म्हैस, कुणाच्या नव्या हॉटेलचं उद्घाटन, सगळं काका ऑटोवर भोंगा बांधून सांगत फिरायचे. जाड, घोगरा आवाज, वाक्याचा शेवट वर उचलणारा. भोंगा बंद असला तरी त्यांना हळू बोलता यायचं नाही. कलावतीकाकू म्हणायच्या, "घरात मीठ मागतेत तेबी आख्ख्या गल्लीला कळते." अंगानं वाळके, उंच, कानात अत्तराचा फाया आणि चष्म्याच्या दांडीऐवजी दोरा. स्वभाव म्हणाल तर आडमुठा. प्रोजेक्टरला दुसऱ्याचं बोट लागलं तर दिवसभर फुगून बसणार. माझं नाव त्यांनी आजपर्यंत चुकीचंच घेतलं, आणि दुरुस्त केलं की तेच चुकीचं नाव आणखी मोठ्यानं घेतलं.

आणि एक खोड. कुणी काही आनंदाचं सांगितलं की काका विचारायचे, "मंग?" पोराला नोकरी लागली. मंग? रस्ता मंजूर झाला. मंग? एकदा लग्नाच्या मांडवात, अक्षता पडल्या पडल्या, नवरदेवाच्या बापाला त्यांनी हेच विचारलं होतं. तो माणूस पुढं कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलला नाही. काका म्हणाले, "मी काय वाईट बोललो वं? लग्न लागणं हा पयला भाग हाय. मी दुसऱ्याचं विचारून राहिलो."

हे पहिला भाग, दुसरा भाग काय आहे ते सांगते.

काका तरुण होते तेव्हा फाट्यावर एक व्हिडिओ हॉल होता. हॉल कसला, पत्र्याचं शेड, खाली पोती आणि समोर एक टीव्ही. मालक नांदेडहून कॅसेट मागवायचा. इंग्रजी पिक्चर स्वस्तात मिळायचे, म्हणून इंग्रजीच जास्त. पाहणारे सगळे आसपासच्या खेड्यांतले, इंग्रजी कुणाच्या बापाला येत नव्हतं. मग मालकानं टीव्हीशेजारी हातात काठी देऊन दिगंबरला उभं केलं. काठीनं दाखवायचं आणि मराठीत सांगायचं. इंग्रजीतच मॅट्रिक नापास झालेला माणूस इंग्रजी पिक्चर समजावून सांगायचा, आणि लोक पैसे देऊन ऐकायचे. काकांच्या तोंडून ऐकलंय, की लोक टीव्हीकडे कमी आणि त्यांच्याकडे जास्त बघायचे. त्यातलं निम्मं खरं धरा.

त्या शेडमध्ये तो पिक्चर आला. जुना, विज्ञानाच्या कल्पनेवरचा, दोन भागांचा. त्याचं नाव काकांनी कधी सांगितलं नाही, त्यांना ते वाचताही आलं नसणार. समुद्राच्या तळाशी काचेच्या घुमटात एक शहर आहे. वरून नळ्यांनी हवा येते. वरच्या गल्ल्यांना भरपूर, खालच्यांना उरलीसुरली. आता आमच्याकडच्या माणसाला समुद्र काय माहीत? काकांनी काठी टेकवली आणि सांगितलं, "हे गाव धरणात गेलंय बरं का. पण लोक निघाले न्हाईत. तिथंच राहून राहिले." हॉलमध्ये बसलेल्यांपैकी कितीतरी जणांची गावं खरोखर धरणात गेलेली होती. त्यांना पुढचं काही समजावून सांगावं लागलं नाही.

पण गडबड झाली ती पुढंच. नांदेडवाल्यानं कॅसेट उलट्या पाठवल्या. दुसरा भाग आधी आला. मालकाला कळलं नाही, काकांना कळलं नाही, लोकांना तर नाहीच नाही. त्या दुसऱ्या भागात एक पांढऱ्या केसांचा माणूस उंच खुर्चीत बसून कुणाला किती हवा द्यायची ते ठरवतो. काकांनी त्याचं नाव ठेवलं संपत. संपत खालच्या गल्लीची हवा कमी करतो, तिथली माणसं धापा टाकतात, गयाबाई नावाची एक म्हातारी (हेही नाव काकांचंच) जाब विचारायला वर जाते, आणि शेवटी संपत खालच्या गल्लीचं लोखंडी दार कायमचं लावून टाकतो. हॉलभर शिव्या. पिक्चर आठवडाभर चालला.

मग पहिला भाग आला. त्यात तोच संपत, पण तरणाबांड, फाटक्या कपड्यांतला. खालच्या गल्लीत गयाबाईच्या घरी बसतो, तिच्या ताटातलं खातो आणि सांगतो की हवा सगळ्यांची आहे, चला वर, काढून घेऊ. दुसऱ्या कुठल्याही गावात लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. वारंगा फाट्यावर लोक उठून उभे राहिले. "अय, त्याचं आयकू नका!" "गयाबाई, जेवू नको घालू त्या भाड्याला!" एका बाईनं टीव्हीवर चप्पल फेकली, काच थोडक्यात वाचली. शेवटी संपत जिंकतो, लोक त्याला खांद्यावर घेऊन नाचतात, तेव्हा सगळं शेड मयताला बसल्यासारखं बसलं होतं. काका सांगायचे, "माझ्या तोंडातून शब्द निघंना. समदे नाचून राहिले अन् आमाला रडू येऊन राहिलं."

पुढं हॉल बंद पडला, टीव्ही घरोघरी आले, काका भोंग्याच्या धंद्यात गेले. पण ही उलटी रीत त्यांनी सोडली नाही. त्यांचं ठाम मत झालं होतं की गोष्ट अशीच दाखवायला पाहिजे. आधी दुसरा भाग, मग पहिला.

मी त्यांना भेटले ते संघटनेत. मी मूळची शिरड शहापूरची, शिकायला कळमनुरीला राहिले आणि शिकण्यापेक्षा पत्रकं जास्त लिहिली. आमचा लढा कालव्याच्या पाण्याचा. ज्यांना कालवा माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी: कालवा जिथून सुरू होतो ते हेड, जिथं संपतो ते टेल. पाणी सोडतात पाळीपाळीनं, आणि हेडचे लोक पोटभर घेऊन झाल्यावर जे उरतं ते टेलला. बहुतेकदा काहीच उरत नाही. हेडला ऊस उभा असतो आणि टेलला हळद ऐन गड्डा भरायच्या वेळी करपते. पाणी वाटायला शेतकऱ्यांचीच निवडून दिलेली संस्था असते. ती वर्षानुवर्षं हेडच्या बड्या लोकांच्या ताब्यात होती. आमचे नेते रंगनाथभाऊ तिच्याविरुद्ध उभे राहिले. बोलायला आग, वागायला साधे, कुणाच्याही ओसरीवर जेवायला बसणारे. त्यांची स्वतःची जमीन हेडलाच. पत्रकात आम्ही ते अभिमानानं छापायचो: स्वतः हेडचा असून टेलसाठी लढणारा माणूस!

काकांचं गाव टेलचं. हळदीचा तुकडा त्यांचाही तिथंच. ते संघटनेत आले ते भोंगा घेऊनच. मग आम्ही जुना प्रोजेक्टर मिळवला आणि काकांनी नांदेडच्या कुण्या पोराकडून तो पिक्चर पेनड्राइव्हवर आणवला. सभेआधी गर्दी जमावी म्हणून दिवेलागणीनंतर पिक्चर, मग भाषणं, असा बेत. शाळेच्या भिंतीवर पांढरं धोतर लावायचं, शेजारी काका माइक घेऊन उभे. काठी तीच जुनी.

मला ते पटत नव्हतं. मी सरळ बोलणारी आहे. म्हटलं, "काका, हा दुसरा भाग आधी काहून दाखवता? लोक लढायला आले पाहिजेत. तुम्ही त्यांना आधीच सांगता की जिंकूनही काही होणार नाही."

"असं कुठं म्हणतो मी? जिंका म्हणतो ना."

"मग आशा द्या की त्यांना."

"देतो ना माय. पयल्या भागात. पण तो उद्या."

"आणि उद्या लोक आलेच नाहीत तर?"

"मंग त्यांला आशेची गरज नसल," असं म्हणून काका वायर गुंडाळायला गेले. अशा उत्तरांनी माणूस चिडतो. मी चिडले.

चिडून मी एक काम केलं. तो दुसरा भाग माझ्या खोलीवर, खाली लिहिलेल्या इंग्रजी ओळी वाचत, नीट पाहिला. आणि हादरले. काका सांगतात ते त्या पिक्चरमध्ये नाहीच! मूळ पिक्चरमध्ये दुसऱ्या भागातही संपत हिरोच आहे. काचेला तडे चाललेत, हवा खरोखर कमी आहे, यंत्रं वरच्या गल्लीत आहेत, ती जगली तर शहर जगेल, असं तो सांगतो आणि पिक्चर त्याच्या बाजूनं उभा राहतो. खालच्या गल्लीचे लोक तिथं अडाणी, भडकवलेले. गयाबाई तर अर्धवट डोक्याची. शेवटी लोखंडी दार लावताना संपतच्या डोळ्यांत पाणी येतं, मागं संगीत चढत जातं, आणि आपण म्हणायचं, काय हा माणसाचा त्याग! खाली गुदमरणाऱ्यांचा एकसुद्धा चेहरा त्या शेवटच्या प्रसंगात दाखवलेला नाही. एवढा मोठा नावाजलेला पिक्चर, जगभर पाहिला गेलेला, आणि त्याचं राजकारण हे. आधी लोकांना उठवा, मग उठलेल्या लोकांना गप्प बसवणं किती गरजेचं असतं ते सुंदर रंगांत पटवून द्या.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर काकांना गाठलं. ते कंदिलाची काच पुसावी तसा भोंगा पुसत बसले होते.

"काका, पिक्चरमध्ये असं नाहीच."

"काय न्हाई?"

"संपत वाईट नाही. पिक्चर त्याला चांगला म्हणतो. खालचे लोकच चुकीचे दाखवलेत."

"शेवटी दार लावते का न्हाई तो?"

"लावतो. पण रडतो."

"रडते ते मला बी दिसते. मी काय म्हणतो तवा?"

"तुम्ही म्हणता, बघा, कसं नाटक करून राहिला."

"मंग बराबर हाय."

"बरोबर कसं? त्यांनी जे बनवलंय ते..."

"माय, दाराच्या कोणत्या अंगाला उभं राहून बनवलं त्यांनी? वरच्या. मी खालच्या अंगाला उभा राहून सांगतो. पिक्चर तोच हाय."

मी म्हटलं, हा खोटेपणा आहे. ते म्हणाले, "मंग पिक्चर चुकला," आणि भोंगा पुसत राहिले. मी पुष्कळ पुस्तकी लोकांची सिनेमावरची भाषणं ऐकलीत. त्या पिक्चरबद्दल याहून नेमकं बोलणारा मला अजून भेटलेला नाही. पण त्या दिवशी मी रागातच परत गेले.

निवडणूक आम्ही जिंकलो. गुलाल, डीजे, फटाके, रंगनाथभाऊ खांद्यावर. काका ऑटोवर उभे राहून भोंग्यातून विजयाची दवंडी देत होते आणि घसा बसेपर्यंत देत होते. ते कोरडे माणूस नव्हते हे लक्षात ठेवा. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायला त्यांनी कलावतीकाकूंचा पदर ओढला होता, भर चौकात. फाट्यावर मिरवणूक थांबली. भाऊंनी माइक घेतला. "आज तुमचं राज्य आलं! आता पाण्याची पाळी टेलपासून सुरू होणार!"

टाळ्या पडल्या. त्या ओसरल्या ओसरल्या भोंग्यातून आवाज आला, "मंग?"

लोक खो खो हसले. भाऊही हसले. "काका, आजच्या दिवस तरी राहू द्या की!"

"राहू दिलं," भोंगा म्हणाला. पुन्हा हशा. आम्ही सगळेच हसत होतो.

हिवाळ्याची पहिली पाळी खरंच टेलपासून सुटली. थोडीच, पण आली. चारीला, म्हणजे कालव्यातून रानाकडं येणाऱ्या पाटाला, पाणी बघायला म्हाताऱ्या काठी टेकत आल्या होत्या. दुसऱ्या पाळीला पाणी हेडलाच अडलं. कालव्याचं काम चालू आहे, असं कळलं. मग कळलं, ज्यांनी निवडणुकीत साथ दिली त्यांच्या उसाला आधी द्यावं लागेल, नाहीतर संस्था फुटेल. संस्था टिकली तर टेलचं भलं होईल. थोडं समजून घ्या. हे "थोडं समजून घ्या" भाऊ म्हणाले, मग भाऊंच्या जवळचे म्हणायला लागले, मग आमचे कार्यकर्ते टेलच्या गावांत जाऊन म्हणायला लागले. जे लोक काल ओरडत होते, "आमाला समजवू नका, पाणी द्या," त्यांनाच आज तोच समज द्यायचा! त्याचं पत्रक लिहायला मला सांगितलं गेलं. मी नाही म्हटलं. दुसऱ्यानं लिहिलं, आणि वाईट लिहिलं.

टेलला हळदीची पानं गुंडाळू लागली. कडेनं पिवळी, मग तपकिरी. गड्डा भरायचा तो हाच महिना. ही पाळी गेली की वर्ष गेलं.

काकांनी कुणाला विचारलं नाही. आपल्याच गावात शाळेच्या भिंतीला धोतर बांधलं आणि दुसरा भाग लावला. सगळं टेल जमलं होतं. संपत उंच खुर्चीत बसून बोलायला लागला आणि काकांनी माइक तोंडाशी धरला.

"संपत म्हणून राहिला, कालव्याचं काम चालू हाय!"

लोक जरा चपापले. मग मागून कुणीतरी फिसकन हसलं.

"संपत म्हणून राहिला, हवा तर समद्यांचीच हाय. पण आधी मशीन जगलं पायजे. थोडं समजून घ्या!"

"काका, मशीन कोणाच्या रानात हाय?" प्रयागबाईंनी विचारलं. काकांच्या शेजारचंच त्यांचं रान. नवरा गेल्यावर एकटीनं हळद करणाऱ्या, तोंडाळ बाई.

"वरच्या गल्लीत हाय, प्रयागा!"

"वरच्या गल्लीत कोणाच्या?"

"संपतच्या मेव्हण्याच्या!"

रंगनाथभाऊंच्या मेव्हण्याचा ऊस हेडला सगळ्यांनी पाहिला होता. पोरं पडद्याच्या धोतराला हात लागेपर्यंत हसत लोळली. प्रयागबाई पदर तोंडाशी धरून हसत होत्या. आणि पिक्चर संपला, लोखंडी दार लागलं, तेव्हा कुणीच हसत नव्हतं. तिथल्या तिथं ठरलं. सकाळी सगळ्यांनी कालव्याच्या दारावर जाऊन बसायचं.

गेले सगळे. बायका पुढं. मला वाटलं, पोलीस येतील, डोकी फुटतील. तसं काही झालं नाही. रंगनाथभाऊ एकटेच आले. चपला काढून, जमिनीवर, लोकांच्या मधोमध बसले. बायकांनी थर्मासमधून आणलेला चहा मागून घेतला. काकांच्या शेजारी बसून, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून प्यायला. "काका, तुमच्या आवाजानं मी लहानपणी पिक्चर पाहिलेत फाट्यावर. तुमी बोलावलं अन् मी येणार न्हाई का? याच पाळीत पाणी येईल. शब्द देतो." लोक खूश होऊन घरी गेले. कुणीतरी फोटो काढले. काढतातच.

तिसऱ्या दिवशी पाणी आलं.

सकाळी लोक चारीवर आले तर दिसलं ते असं. सगळ्या टेलला फक्त एका माणसाच्या रानात पाणी होतं. दिगंबरकाकांच्या. वाफे तुडुंब भरलेले, हळदीचे बुंधे पाण्यात. चारीतून रानात पाणी घ्यायची बाकीची सगळी तोंडं वरून खालपर्यंत मातीनं बंद, काकांचं तेवढं उघडं. पाणी सोडणाऱ्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, "मला सांगून पाठवलं, काकांनी मागितलंय, आधी त्यांचं भिजवा. मंग वरून बंद झालं." दुपारच्या आत मोबाईलवरच्या ग्रुपवर चहाचा फोटो फिरला. चहा सगळ्यांनी प्यायला होता. फोटोत दोघंच होते, आणि भाऊंचा हात काकांच्या खांद्यावर.

मी पोचले तेव्हा काका गुडघाभर चिखलात उभे राहून आपला बांध फोडत होते. पाणी प्रयागबाईंच्या रानाकडं वळवायला. पलीकडून प्रयागबाई फावड्यानं माती ओढून तेच तोंड बंद करत होत्या.

"प्रयागा, घे की पाणी. फोडलाय बांध."

"नगं. तुमचं तुमालाच पुरू द्या."

"माझं कुठलं वं ते? कालव्याचं हाय."

"कालव्याचं असतं तर आमच्याकडं बी आलं असतं."

"मी मागितलं न्हाई. आयकतीस का? मी न्हाई मागितलं."

"पिक्चर दावून राहिले आमाला! आमाला हसवून राहिले अन् स्वतःचं भिजवून घेऊन राहिले. आमीच येडे, दारावर जाऊन बसलो तुमच्यासाठी."

"प्रयागा, तुझी हळद जळून राहिली. माझ्यावर राग काढ, पाणी तर घे."

"जळू द्या. जळाली तर माझी जळाली."

फावड्याचा शेवटचा घाव घालून त्या निघून गेल्या. पाण्याला जायला दोन्हीकडं जागा उरली नाही, ते मधल्या खड्ड्यातून सरळ नाल्यात गेलं. सगळं टेल ज्या पाण्यासाठी उपाशी होतं ते आमच्या डोळ्यांदेखत नाल्यातून वाहत होतं. आणि हे करायला एक लाठी लागली नाही, एक केस लागली नाही. ज्याला बदनाम करायचं त्याला द्या. बस्स. जे पाणी सगळ्यांचा हक्क म्हणून मागितलं होतं तेच एकाला बक्षीस म्हणून सोडा, बाकीचं काम लोक स्वतः करतात!

काका बांधावर बसले. चष्म्याचा दोरा तुटला होता, तो दातात धरून बांधायचा प्रयत्न करत होते. म्हणाले, "हे पिक्चरात बी न्हाई वं."

नव्हतंच. संपतला एवढी अक्कल नव्हती. त्याला दार लावावं लागलं होतं. रंगनाथभाऊंनी एक तोंड उघडलं.

मी पत्रक काढलं. सगळं स्पष्ट लिहिलं, कुणाच्या सांगण्यावरून पाणी सुटलं, का सुटलं. टेलच्या लोकांनी ते वाचलं आणि एकानं मलाच विचारलं, "तुमाला काय दिलं त्यांनी?" काकांनी गावात पुन्हा एकदा धोतर बांधलं. चार पोरं आली, त्यांनाही आयांनी हाका मारून घरी नेलं. फाट्यावरचे दुकानदार सुरुवातीला गप्प होते, मग एकेकानं भोंग्याचं काम बंद केलं. नाराज माणसाच्या आवाजात सेल सांगितला तर गिऱ्हाईक येत नाही, असं एकजण मला म्हणाला. नाराज काका नव्हते, लोक होते, पण दुकानदाराला त्याच्याशी काय करायचंय?

शेजारपाजारची हळद गेली. काकांची आली. पाणी मिळालं होतं ना. चांगली, जाड गड्ड्यांची आली. यापेक्षा वाईट काय व्हायचं? ते ती जमिनीतच ठेवणार होते. काकू रडल्या, म्हणाल्या, कुजवून कुणाला दाखवणार? ठेवली असती तरी गाव म्हणालंच असतं, बघा, काढायचीसुद्धा गरज राहिली नाही.

आम्ही काहीजण संघटनेतून बाहेर पडलो. नवीन संघटना काढली. तिच्या पहिल्या बैठकीला जाताना, उन्हाळ्याच्या तोंडाशी, मी वाट वाकडी करून काकांच्या रानात गेले. आमच्याकडं हळद काढायला सावड असते. आज तुझ्या रानात सगळे, उद्या माझ्या रानात सगळे, कुणी गड्डे उपटतंय, कुणी माती झाडतंय, बांधावर लेकरं, गाणी, भाकरी. काकांच्या रानात काका आणि काकू दोघंच होते. पाला कापून टाकलेला, एका सरीला काका कुदळ घालत होते, मागून काकू गड्डे वेचत होत्या. पलीकडं प्रयागबाईंचं रान मोकळं पडलेलं.

मी बांधावरची दुसरी कुदळ उचलली.

"ठेव ती," काका म्हणाले.

"काका, दोघांनी कधी व्हायचं हे?"

"व्हईल. ठेव म्हणतो ना. तुला कोणी पाहिलं माझ्या रानात तर तुझं बी काम संपलं. मंग तुझं पत्रक कोण वाचल?"

मी कुदळ ठेवली. काकूंनी तांब्याभर पाणी दिलं. काका कुदळीवर हात टेकून उभे राहिले.

"नवीन काढली म्हणे संघटना."

"हो. आजच बैठक आहे, कळमनुरीला."

"अध्यक्ष कोण केला?"

मी नाव सांगितलं. म्हटलं, "चांगला माणूस आहे, काका. तुम्ही ओळखता. टेलसाठी सगळीकडं आवाज उठवतोय."

"शेत कुठं हाय त्याचं?"

मी तांब्या खाली ठेवला. काकू गड्ड्याची माती झाडता झाडता थांबल्या.

"हेडला," मी म्हणाले.

काकांनी या खेपेला 'मंग?' विचारलं नाही. पुढच्या गड्ड्याच्या बुडाशी त्यांनी कुदळ घातली, जोर लावून तो वर काढला, मातीसकट काकूंकडं सरकवला आणि म्हणाले, "जा माय. बैठकीला उशीर होईल तुला."